थोडी बाकी

अचलपूर ते मूर्तिजापूर हे अंतर पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. शकुंतला रेल्वे ते चारेक तासांत कापायची, तेही सगळं सुरळीत असेल तर. एस.टी. निम्म्या वेळात पोचवत असे. तरी सुटीला अकोल्याला आईकडे निघाले, की मी शकुंतलेनंच जायची आणि त्याला कारण माझे घरमालक. ते त्याच गाडीवर गार्ड होते. मी बँकेच्या नोकरीवर अचलपूरला आले तेव्हा निवृत्त होऊन घरी बसलेले. सगळा मोहल्ला त्यांना गार्डबाबा म्हणे, मीही म्हणू लागले. नात्याचे ना गोत्याचे. एक खोली, सामाईक न्हाणीघर आणि महिन्याच्या महिन्याला भाडं, एवढ्यावरच ते प्रकरण थांबायला हवं होतं.

शकुंतलेबद्दल बाहेरच्यांना एवढंच माहीत असतं, की ती गोऱ्या कंपनीची गाडी. ते खरंच आहे. वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या मोठ्या लाइनीपर्यंत आणायला किलिक निक्सन कंपनीनं अडीच फुटी रूळ टाकले. एक फाटा यवतमाळकडे, दुसरा अचलपूरकडे. देशातल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, तेव्हा ही लाइन त्यातून सुटली आणि मालकी कंपनीकडेच राहिली. वाफेचं इंजिन होतं मँचेस्टरचं, १९२१ सालचं. ते १९९४मध्ये काढलं आणि डिझेल लावलं. बाबांना डिझेल कधी आवडलं नाही. ‘त्याले पानी लागत नाई,’ ही त्यांची तक्रार. इंजिनाला पाणी लागतं म्हणून गाडी थांबते, गाडी थांबते म्हणून माणसं उतरतात, उतरली की बोलतात. डिझेलनं हे सगळं बुडवलं, असं त्यांचं म्हणणं. गार्ड म्हणून ते तिकिटंही फाडत आणि फाटक आलं की स्वतः उतरून लावत. गाडी पुढे गेली की ते उघडायचं नि पळत डब्यात चढायचं. दर्यापूरला कोणाच्या लेकीचं सासर, अंजनगावच्या पानमळ्यांतून कोणाच्या पाट्या येतात, पथ्रोटला कोण रोज उशिरा पोचतो, हे त्यांना तोंडपाठ होतं.

कधी माझ्यासोबत गाडीत आले, तर अंजनगाव येताच ते खिडकीतून मान बाहेर काढत. ‘इथं शिंद्यानं सही केली.’ म्हणजे १८०३चा सुर्जी-अंजनगावचा तह. शाळेत मी त्याची तारीख पाठ केली होती, ३० डिसेंबर. पण ते अंजनगाव म्हणजे हेच, पानपिंपरीचं, माझ्या आत्याच्या सासरचं, हे कोणत्याही बाईंनी सांगितलं नव्हतं. आमच्या पुस्तकांत इतिहास नेहमी पुण्याकडे घडायचा.

रविवारी मी आईकडे गेले नाही, की बाबा चप्पल घालून ओट्यावर उभे. ‘चाल, गाव पाह्यले.’ पहिल्यांदा मला वाटलं, तासाभरात उरकेल. त्या दिवशी आम्ही फक्त दुल्हा दरवाज्यापर्यंत गेलो. वाटेत एका लोहाराशी, एका विणकराशी आणि दर्ग्याबाहेरच्या फुलवाल्या चाचांशी गप्पा झाल्या. चाचांनी माझी सगळी वंशावळ विचारून घेतली. दुसऱ्या रविवारी सुलतानपुरा. हौजकटोऱ्याला जायला तर महिना उलटला. तळ्याच्या मधोमध तो अष्टकोनी मनोरा बहमनी काळापासून उभा आहे. आम्ही काठावर बसून भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा खाल्ला. मी विचारलं, ‘बाबा, आतून पाहायचं नाही?’ तर म्हणाले, ‘आज बाहेरून पाह्य. आतून पुढच्या बारीले. समदं एकाच दिशी पाहून घेतलं तं मंग येशीन कायले?’

पुढे कुठंतरी वाचलं, की हल्ली युरोपात लोक अशा सावकाश प्रवासासाठी मुद्दाम पैसे मोजतात. अचलपुरात तो फुकट मिळत होता, आणि आम्हा नोकरदारांना त्याचीच लाज वाटायची.

गाविलगड त्यांनी मला हिवाळ्यात दाखवला. चिखलदऱ्याला बसनं जाऊन गडात शिरायचं, ही सोय त्यांना मान्य होती, कारण गुडघे. पण धामणगाव गढी आली, की त्यांनी बसमध्येच सुरू केलं. इंग्रजांचा सेनापती वेलस्ली दक्षिणेला तळ देऊन बसला आणि स्टीव्हन्सनच्या पलटणींनी याच बाजूनं डोंगरात रस्ता फोडत, जड तोफा हातानं ओढत गडाजवळच्या लबाड्यापर्यंत नेल्या. डिसेंबर १८०३ची गोष्ट. डोंगर चढायला दिवसच्या दिवस लागले आणि किल्ला मात्र १५ तारखेला एका हल्ल्यात पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मेला. इंग्रजांच्या कागदांत शिड्या लावून आतल्या कोटावर चढलेल्या कॅप्टन कॅम्पबेलचं नाव आहे. तोफा ओढणाऱ्यांची नावं नाहीत. बाबांचा सगळा जीव त्या ओढणाऱ्यांत. ‘कष्टाचं काम थे होतं,’ म्हणायचे, ‘शिडीवर तं कोनीबी चढते.’

गडाच्या दरवाजावर दोन तोंडांचा गंडभेरुंड कोरलेला आहे. तिथं उभ्या उभ्या त्यांनी मला फतहुल्ला इमादुल्मुल्कची गोष्ट सांगितली. फेरिश्ता लिहितो, की हा मुळात विजयनगरकडचा मुलगा, लढाईत पकडला गेलेला. बहमन्यांच्या चाकरीत वाढला, वऱ्हाडचा सुभेदार झाला आणि पुढे इथला स्वतंत्र राजाच होऊन बसला. एलिचपूर, म्हणजे आपलं अचलपूर, ही त्याची राजधानी. मला तो कानडी मुलुखाचा पक्षी वऱ्हाडातल्या दगडावर पाहून वाटायचं, की हा माणूस आपलं बालपण विसरला नसावा. याला पुरावा काही नाही. बाबा म्हणाले, ‘नसन. पन तुले वाटलं न? मंग असू दे.’ इतिहासाच्या प्राध्यापकानं मला असं बोलू दिलं नसतं, आणि ते बरोबरच आहे. पण त्या दिवसानंतर मी दगडाकडे बघायला लागले.

पुढे वाचनाचा नाद लागला तो त्यांच्यामुळेच. त्यातच एकदा दुर्रुशेवर सापडली. तुर्कस्तानच्या शेवटच्या खलिफाची, दुसऱ्या अब्दुल मजीदची मुलगी. १९२४ साली खिलाफत संपली, घराणं देशाबाहेर गेलं; १९३१मध्ये फ्रान्सच्या नीस शहरात तिचं लग्न निजामाचा थोरला मुलगा आझमजाह याच्याशी झालं. वऱ्हाडावर कागदोपत्री निजामाचं स्वामित्व, कारभार इंग्रजांचा. १९३६च्या कराराबरोबर निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. म्हणजे बाल्कनच्या डोंगरांपासून बगदादपर्यंत कधीकाळी सत्ता चालवलेल्या घराण्याची लेक वऱ्हाडची राजकन्या झाली! मी हे धावतपळत बाबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘गाडीत बसली काय कधी आपल्या?’ मी म्हटलं, कुठली बसते. ‘मंग कायची वऱ्हाडची?’

बदलीची ऑर्डर आली, तेव्हा मी वही काढून हिशेब मांडला. भाडं चुकतं होतं. विजेच्या बिलातला माझा वाटा आणि दोन-तीन वेळा आजींनी, म्हणजे बाबांच्या बायकोनं, आणलेल्या औषधांचे पैसे राहिले होते. बाबांनी भाडं मोजून घेतलं. बाकीच्या नोटा माझ्याकडे सरकवल्या. मी हट्ट केला, तर आजी आतून म्हणाल्या, ‘राहू दे व बाई, थोडी बाकी राहू दे. हिशोब पुरा झाला, की भाडेकरू गेला.’ बाबांनी त्यावर मान डोलावली आणि मला स्टेशनपर्यंत सोडायला आले. अर्थात चालत.

नवऱ्याच्या कामामुळे पुढे काही वर्षं परदेशात गेली. एका सुटीत अल्बानियात ग्यिरोकास्तरला गेलो. दुर्रुशेवरच्याच घराण्याच्या, उस्मानी काळातलं, डोंगराच्या उतारावर चढत गेलेलं गाव. वर किल्ला, खाली ड्रिनो नदीचं खोरं, घरांची छपरंसुद्धा दगडी फरशांची. लेखक इस्माईल कादारे इथलाच, जन्म १९३६चा. २००५मध्ये गावाचं नाव युनेस्कोच्या यादीत गेलं. नवऱ्यानं सकाळी किल्ला पाहिला आणि दुपारी पुढच्या गावाचं बोलू लागला. मी बाजाराच्या चढावर एका तांबटाच्या दुकानाबाहेर बसून राहिले. त्याची भाषा मला येत नव्हती, त्याला माझी नाही. तरी त्यानं कॉफी दिली, भांड्याला ठोके देऊन दाखवले आणि माझ्या बांगड्या कुठल्या ते खुणेनं विचारलं. ‘अचलपूर,’ मी म्हटलं. त्यानं गंभीरपणे मान हलवली. संध्याकाळी नवरा म्हणाला, ‘तू आज काहीच पाहिलं नाहीस.’ मी त्याच्याशी वाद घातला नाही. पण आम्ही तिथं आणखी राहिलो, आणि किल्ला मी शेवटच्या दिवशी पाहिला.

तुलना करायची नाही म्हटलं, तरी होतेच. तिथं प्रत्येक दारावर पाटी, इथं हौजकटोऱ्याच्या पाण्यात प्लॅस्टिक. तरी पाट्यांनी सगळं सुटेल, असं मला वाटत नाही. गार्डबाबांची माहिती कुठल्या पाटीवर मावली असती?

बाबा गेले तेव्हा मी इकडे नव्हते. शकुंतलाही थांबली, रुंदीकरण होणार, होणार, असं ऐकत आता बरीच वर्षं झाली. आजी आहेत. मी जाते तेव्हा त्या माझ्या राहिलेल्या पैशांचा विषय काढत नाहीत, मीही काढत नाही.

बाबांचा एक किल्ला राहून गेला होता, नरनाळा. सातपुड्याची तीच रांग, पण अकोल्याच्या बाजूची, अकोटहून जायचं. ‘थो माह्या लाइनीवर नाई,’ असं म्हणून ते टाळत. गेल्या हिवाळ्यात मी त्यांच्या नातवाला घेऊन गेले. पोरगं इंजिनिअरिंगला आहे, मला आत्या म्हणतं, आणि सगळीकडे मोबाइलवर वेळ बघतं. पायथ्याशी शहानूरला नोंद करून वर गेलो. महाकाली दरवाज्यापाशी मी बसलेच. पांढरट दगडात कोरलेली कमळं, कमानीवरच्या अक्षरांच्या ओळी आणि ८९२ हिजरी, म्हणजे १४८७ साल. बांधणारा तोच फतहुल्ला. गाविलगडाची दुरुस्ती त्यानं दुसऱ्याच वर्षी केली. मी नातवाला तो विजयनगरचा मुलगा सांगितला, पक्षी सांगितला, तोफा ओढणारे सांगितले. नऊगजी तोफेपाशी पोचेपर्यंत ऊन कललं होतं. तिच्या तोंडापुढे उभा राहून तो म्हणाला, ‘ही एवढ्या वर आणली कशी असंन, आत्या?’ मग त्याच दमात, ‘अकोटहून परतवाड्याची शेवटची बस किती वाजता हाय?’

‘बस जाऊ दे,’ मी म्हटलं. ‘अकोटला मुक्काम करू. शक्कर तलाव उद्या पाहू.’