पिलू कुठे टोचते ते आधी पाहा

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या घरात कोंबड्यांचा पैसा हा बाईचा पैसा. कापसाची पट्टी धन्याच्या खिशात जाते, सोयाबीनचे पैसे सोसायटीत नाहीतर दुकानदाराच्या वहीत जिरतात. अंड्यांचे आणि कोंबड्यांचे सुटे पैसे मात्र घरातल्या डब्यात पडतात. पोरांच्या वह्या, चपला, औषधपाणी त्यातून निघते. म्हणून पिलांच्या कड्यात रक्त दिसले की घरातली बाई हादरते.

माझी सारी नोकरी अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत झाली. बोंडअळीवर किंवा तुरीच्या मर रोगावर बोलायला गावात जावे आणि सभा उठल्यावर एखाद्या माउलीने हळूच विचारावे, "साहेब, जरा आमची पिल्लं पाह्यता काय?" मी शेतीचा पदवीधर, पशुवैद्य नव्हे. पण पिलांच्या टोचाटोचीत बहुतेक वेळा औषधाचे काम नसतेच. काम असते ते ऊब, उजेड, जागा आणि खाणे यांचे.

दर्यापूर तालुक्यातल्या एका वहिनींनी बचत गटाचे कर्ज काढून सुधारित जातीची १०० पिले आणली होती. महिना एप्रिलचा. तिसरा आठवडा लागला आणि एका सकाळी चार पिले शेपटीकडून उघडी पडलेली, एक मेलेले.

"सासूबाई म्हणते नजर लागली," वहिनी म्हणाल्या. "काल एकाले बाजूले काढलं, त आज दुसऱ्याले धरलं. सारे म्हणते चोचीच कापून टाका."

"चोचीचं मंग पाहू. आधी सांगा, दिवा कधी बंद करता?"

"दिवा? थो त बंदच नाही केला. पिल्लं देणारा म्हणे तीन आठवडे बंद करू नोका."

दुपारचे तीन वाजले होते. वर टिनपत्रे, खाली १०० वॅटचे दोन बल्ब जळताहेत आणि पत्र्याच्या गोल कड्याला चिकटून सगळी पिले चोची उघड्या टाकून धापा टाकताहेत. अकोला-अमरावतीकडे त्या दिवसांत सावलीतच पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याखाली तर विचारूच नका.

पिलांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सियस ऊब लागते आणि पुढे दर आठवड्याला तीनेक अंशांनी ती कमी करायची असते, हे पुस्तकात बरोबर लिहिले आहे. पण पुस्तकात दिलेली ती ऊब पिलाच्या पाठीजवळची. बल्ब जळालाच पाहिजे असे कुठे म्हटले आहे? तिसऱ्या आठवड्यात एकोणतीस-तीस अंश पुरतात. म्हणजे एप्रिलच्या दुपारी त्या पिलांना ऊब कसली, वाराच हवा होता. थर्मामीटर नसला तरी चालते. पिले दिव्याखाली एकावर एक चढली तर थंडी आहे, दिव्यापासून लांब पळून पंख पसरून बसली तर उकाडा आहे, आणि सगळीकडे सारखी पांगून खात-पीत असली तर ठीक आहे.

उकाड्याने त्रासलेले पिलू चिडते आणि कडेला गर्दी करते. नेमकी त्याच वयात नवी पिसे फुटत असतात. कोवळ्या पिसाच्या नळीत रक्त असते. एकाने ते उपटले की लाल थेंब दिसतो, आणि लाल थेंबावर दुसरे पिलू झडप घालते. मग चटक लागते. एका पिलापासून सुरू झालेले हे प्रकरण एका दिवसात दहा पिलांवर जाते ते असे.

म्हणून मी आधी पाहतो ते हे, की टोच बसली आहे कुठे. पहिल्या तीन-चार दिवसांत पायांची बोटे टोचली जात असतील तर पिलांना दाणा सापडत नाही असे समजावे. भांडे लांब आहे, उंच आहे किंवा पुरत नाही. कागदावर दाणा पसरून द्यावा, निम्मे काम होते. शेपटीच्या बुडाशी आणि पंखांवर टोच असेल तर उकाडा, गर्दी, लख्ख उजेड किंवा खाण्यातली कमतरता. बुडाला विष्ठा चिकटून त्यावर टोच बसत असेल तर हगवण आहे. कोमट पाण्याने पुसून घ्यावे आणि पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. डोक्यावरची टोच मात्र वेगळी. ती मोठ्या पाखरांतली मानपानाची भांडणे. कोंबड्यांत कोण वरचढ आणि कोण खालचा याची उतरंड असते, हे नॉर्वेच्या शेल्डेरूप-एबे यांनी १९२० च्या सुमारास कोंबड्या पाहून पाहूनच दाखवून दिले. रक्त निघत नसेल तर त्या भांडणात आपण पडू नये.

वहिनींच्या पिलांचे दुखणे शेपटीचे होते, आणि कारण एक नव्हते. कडे ४ फूट व्यासाचे, म्हणजे साडेबारा चौरस फूट जागा. एवढी जागा पहिल्या दोन-तीन दिवसांपुरती ठीक. पुढे पिलागणिक अर्धा चौरस फूट तरी हवा. १०० पिलांना ५० चौरस फूट, म्हणजे ८ फूट व्यासाचे कडे झाले. महिन्यानंतर याच्या दुप्पट. दाण्याची २ फुटी भांडीही दोनच होती. पहिल्या पंधरवड्यात पिलागणिक १ इंच धरला तर तेवढी पुरतात, पुढे चार लागतात. दांडगी पिले पुढे उभी राहतात आणि उपाशी पिलू समोरच्याच्या शेपटीवर चोच मारते.

आणि खाणे. तयार खाद्य महाग पडते म्हणून त्यात निम्मी ज्वारीची चुरी मिसळलेली होती. हे मी घरोघर पाहिले आहे. काटकसर म्हणून ते कोणाला चुकीचे वाटत नाही. पण पिलाच्या खाद्यात २० टक्क्यांच्या आसपास प्रथिने लागतात आणि ज्वारीत ती दहाच्या आसपास. पीस हे प्रथिनांचेच बनलेले असते; ते पोटातून मिळाले नाही तर पिलू शेजाऱ्याच्या अंगावरचे खाते. चार-सहा आठवडे तरी पिलांच्या खाद्यात भेसळ करू नये. घरचे सोयाबीन आहे म्हणून कच्चे भरडून घालणारेही भेटतात. कच्चे सोयाबीन पिलांना पचत नाही. सरकीची ढेप गाईम्हशीला ठीक, पिलांना विषासारखी.

खाली सिमेंटवर नुसते पोते अंथरलेले होते. खुडूक कोंबडीमागे फिरणारे पिलू दिवसभर उकिरड्यावर माती उकरते, किडा शोधते, टोचण्याची हौस तिथे भागते. पोत्यावर टोचायला काय आहे? जमीन टोचायला मिळाली नाही की तीच चोच शेजाऱ्याच्या पिसांकडे वळते, असे नेदरलँड्सचे शास्त्रज्ञ ब्लोखाउस यांनी १९८६ मध्ये मांडले. आपल्याकडे भाताचे तूस भंडारा-गोंदियाकडून येते, ते महाग पडत असेल तर भुईमुगाची टरफले किंवा तुरीचे कुटार दोन इंच पसरावे. कोरडे हवे, बुरशीचा वास नको. आठवड्याच्या वरच्या पिलांना पालक किंवा लसूणघासाची बारीक जुडी मानेच्या उंचीवर टांगावी. पिले तिच्याभोवती गुंततात.

दिव्याविषयी आणखी एक. हल्ली पिवळा बल्ब मिळत नाही म्हणून लोक एलईडी लावतात. त्याने उजेड पडतो, ऊब नाही. हिवाळ्यात पिले त्याखाली गारठून ढीग करतात आणि वर लख्ख पांढऱ्या उजेडात एकमेकांची प्रत्येक जखम दिसते. दोन्हींकडून नुकसान. उबेसाठी वेगळा बल्ब किंवा कोळशाची शेगडी ठेवावी, शेगडी असेल तर धूर बाहेर जायला वाट ठेवून. उजेड मंद हवा. लाल बल्ब असेल तर रक्त उठून दिसत नाही. साध्या बल्बला लाल कागद गुंडाळू नये, तो पेटतो.

चोची कापायच्या का? शेकडो पिलांच्या बंदिस्त पोल्ट्रीत जाणकार माणूस साधारण सातव्या ते दहाव्या दिवशी तापल्या पात्याने शेंडा घेतो. घरी ब्लेडने किंवा नखकात्रीने ते करू नये. रक्त थांबत नाही, पिलू खाणे सोडते. आणि पुढे अंगणात चरायची पाखरे असतील तर चोच हेच त्यांचे पोट आहे.

वहिनींनी दिवसा बल्ब बंद केले, खिडकीला ओले पोते लावले, कडे सोडवून मोठे केले. चुरी थांबवली. जखमी चार पिले टोपलीखाली वेगळी ठेवून जखमांवर जेंशियन व्हायोलेटचे जांभळे औषध लावले. त्यात एक गेले. उरलेल्या तिघांच्या जखमा पुऱ्या वाळल्यावर त्यांना परत सोडायचे होते, ते मी रात्री अंधारात सोडायला सांगितले. दिवसा सोडलेल्या पिलाकडे सगळे पाहुणा आल्यासारखे धावतात. रात्री सोडले तर सकाळी ते घरचेच असते.