आधी थांबायला शिका!

मुलांनो, बोरिवलीत राहणाऱ्याला बर्फ ठाऊक असतो तो उसाच्या रसातला, नाहीतर मासळीबाजारातला! माझ्या बारा वर्षांच्या भाचीचंही तसंच होतं. जानेवारीच्या शेवटी आम्ही मामा-भाची स्कीइंग शिकायला निघालो, तेव्हा शेजारच्या आजी म्हणाल्या, "घसरायला एवढ्या लांब कशाला? पावसाळ्यात आपल्या जिन्यावर काय कमी घसरतं?"

आधी रेल्वे, मग चंडीगडहून रात्रभराची बस. सकाळी मनालीत उतरलो तर दातावर दात आपटत होते. सोलंग तिथून साधारण १३ किलोमीटरवर. वाटेत दुतर्फा भाड्याने कोट आणि गमबूट देणारी दुकानं. आणि मग एकदम समोर पांढराशुभ्र उतार!

मनालीत १९६१ साली सुरू झालेली सरकारी गिर्यारोहण संस्था आहे. तिथं स्कीइंगचे कोर्सही असतात. पण ते पुष्कळ दिवसांचे. आमच्या हातात दिवस तीनच. म्हणून आम्हा दोघांपुरते एक शिक्षक ठरवले. पन्नाशीचे, रापलेल्या चेहऱ्याचे. गर्दीपासून दूर, बाजूच्या एका लहान उतारावर ते आम्हाला चालवत घेऊन गेले.

स्कीचे बूट म्हणजे पायाला प्लास्टर घातल्यासारखे! घोटा हलतच नाही. हे बूट खटकन लांब पट्ट्यांवर बसतात. पट्टी लांब असल्याने आपलं वजन पसरतं आणि पाय बर्फात रुतत नाहीत. डोक्याला हेल्मेट, हातात दोन काठ्या. भाची म्हणाली, "चला, सुटू या!"

"नहीं बेटा," शिक्षक हसले. "पहले रुकना सीखो."

पहिला सगळा दिवस घसरणं कमी आणि थांबणंच जास्त! दोन्ही पट्ट्यांची पुढची टोकं जवळ आणायची, मागची लांब फाकवायची. मग आतल्या कडा बर्फात रुततात आणि वेग मरतो. पट्ट्या समांतर ठेवल्या की सुटलाच तुम्ही! डावा पाय दाबला की उजवीकडे वळायचं आणि उजवा दाबला की डावीकडे. पडायची वेळ आलीच, तर बाजूला पडायचं. गुडघे मात्र कायम सैल.

"मामा, हे तर लोकलमध्ये उभं राहण्यासारखं आहे!" भाची ओरडली. खरंच की! गाडीने गचका दिला की आपण गुडघ्यांतच तो झेलतो. मी मात्र ताठ उभा राहिलो आणि चार वेळा आडवा झालो.

दुसऱ्या दिवशी तिला धीर आला आणि ती जरा जास्तच वरून निघाली. मधेच धाडकन पडली. पायातली एक पट्टी सुटून लांब गेली. जोरात पडल्यावर ती सुटावी, म्हणजे पाय मुरगळत नाही, अशीच तिची रचना असते. पण मानेतून आत बर्फ गेला, तो गेलाच. ती रडत म्हणाली, "मला नाही शिकायचं. घरी जाऊ या."

एवढे पैसे भरलेत, असं मी बोलणार होतो. शिक्षक मात्र पट्टी उचलून आणून तिच्याशेजारी बसले. इथून जवळच बुरुवा गाव आहे, त्यांनी सांगितलं. तिथल्या आंचल ठाकूरने २०१८ साली तुर्कस्तानातल्या शर्यतीत कांस्यपदक मिळवलं. स्कीइंगमधलं भारताचं पहिलं आंतरराष्ट्रीय पदक म्हणून ते गाजलं! "पडल्याशिवाय कोण शिकलंय?" ते हिंदीत म्हणाले. मग उताराकडे बघत हळूच बोलले, "आता भीती पडण्याची नाही, बर्फ न पडण्याची आहे. लहानपणी डिसेंबरातच दारात बर्फ असायचा. आता आम्ही आभाळाकडे बघत बसतो."

त्यांची रोजीरोटी त्या बर्फावरच. काश्मीरमध्ये गुलमर्गला फेब्रुवारी २०२५ मध्ये व्हायचे राष्ट्रीय हिवाळी खेळ बर्फ कमी म्हणून पुढे ढकलावे लागले, ते मार्चमध्ये झाले. भाचीने नाक पुसलं. जवळच एका जागी बर्फ विरळ होऊन खालचं वाळकं गवत दिसत होतं, तिकडे ती बघत राहिली. मग उठली.

तिसऱ्या दिवशी ती वळणं घेत छान खाली येत होती. एवढ्यात एक चार-पाच वर्षांचा पोरगा कुठूनसा धावत आला आणि नेमका तिच्या वाटेत बर्फाचा गोळा करायला बसला. मी ओरडलो, पण आवाजच फुटेना! भाचीने गुडघे वाकवले, मागची टोकं फाकवली... खर्रर्र! त्याच्यापासून दोन हातांवर ती थांबली. पोराने वर पाहिलं आणि हातातला गोळा तिलाच देऊ केला!

शिक्षकांनी काठ्या खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. आदल्या दिवशी मी पैशांचा हिशेब मांडणार होतो, त्याची मला लाज वाटली.

घरी परतल्यावर आजींनी विचारलं, "काय गं, शिकलीस का घसरायला?"

"नाही आजी, थांबायला शिकले."

"मग उद्यापासून जिना उतरताना जरा दाखव ते!" आजी म्हणाल्या.