नातवाची गाडी, आजीचा मणका

वाचकहो, आपल्या घरात वीस-बावीस वर्षांचा नातू असेल, तर एव्हाना त्याने आपल्याजवळ गाडीचा विषय काढलाच असेल. एके काळी घरात शंभर सीसीची मोटरसायकल आली की घर कृतार्थ होत असे. आता तीनशे-चारशे सीसीच्या स्पोर्ट गाड्या लहान गावांतही दिसतात. पुण्याजवळ चाकणला तयार होणाऱ्या ३७३ सीसीच्या केटीएम आरसी ३९० ची सारी वैशिष्ट्ये आमच्या मेडशीतील मुलांना तोंडपाठ आहेत. गाडी आली की तिच्यात फेरबदल करण्याची हौस मागोमाग येते. मोबाइलवर व्हिडिओ पाहून अंगणातच पाने-पकडी पसरल्या जातात आणि नव्या भागांचे पैसे पुष्कळदा आजोबांच्या पेन्शनमधून जातात. म्हणून हा लेख नातवासाठी नसून आपल्यासाठी आहे.

मला स्वतःला हत्यारांची आवड आहे. माझ्या मुलाजवळ अशीच एक स्पोर्ट गाडी आहे आणि रविवारी दवाखाना बंद झाल्यावर आम्ही दोघे अंगणात तिच्यापाशी बसतो. रुग्ण तपासताना माझा पहिला प्रश्न ‘तक्रार काय?’ हा असतो. गाडीपाशी बसल्यावरही मी मुलाला हेच विचारतो. तक्रार नसताना औषध देऊ नये, हा वैद्यकाचा नियम गाडीलाही तंतोतंत लागू पडतो. वेग वाढवणे, आवाज वाढवणे ही मुळात नसलेल्या दुखण्यावरची औषधे होत. आणि त्यांचे दुष्परिणाम अनेकदा मागे बसणाऱ्याला भोगावे लागतात.

मग पैसे कशासाठी द्यावेत? सर्वप्रथम थांबण्यासाठी. मेडशीहून अकोल्याकडे निघाले की पातूरच्या अलीकडे घाट लागतो. अशा उतारावर ब्रेक सतत तापतात. डिस्क ब्रेकमधील तेल हवेतील ओलावा शोषून घेते. ओलावा वाढला की ते तापल्यावर लवकर उकळते आणि ऐन वेळी ब्रेकचा दांडा पोकळ लागतो. म्हणून हे तेल साधारण दोन वर्षांनी बदलावे लागते. पॅड झिजले असल्यास तेही त्याच वेळी बदलावेत. मात्र ब्रेकचे काम नवशिक्याने अंगणात करू नये, ते जाणत्या मेकॅनिककडेच द्यावे. दुसरा खर्च टायरचा. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. ३५२२ म्हणजे २०२२ सालचा पस्तिसावा आठवडा. हे आकडे चष्मा लावून आपणच वाचून दाखवा, नातू आश्चर्यचकित होईल. तिसरा खर्च दोन चांगल्या, आयएसआय चिन्हाच्या हेल्मेटचा. एक त्याचे, एक मागे बसणाऱ्याचे.

काही सुधारणांना तर एक रुपयाही लागत नाही. स्पोर्ट गाडीचे हँडल खाली असते आणि चालवणारा पुढे वाकून बसतो. शरीराचा भार मनगटांवर येतो, तेथील नसा दाबल्या जातात आणि तासाभरात बोटांना मुंग्या येतात. अशा तक्रारी घेऊन तरुण माझ्याकडे येतात, तेव्हा औषधाआधी मी त्यांना गाडी दाखवायला सांगतो. ब्रेक आणि क्लचच्या दांड्यांचा कोन असा ठेवावा की कोपर, मनगट आणि बोटे एका सरळ रेषेत येतील. त्यासाठी एक-दोन स्क्रू सैल करून पुन्हा नीट आवळणे पुरते. मांड्यांनी टाकी धरून बसले की मनगटांवरचा भार आणखी कमी होतो. आम्ही आमच्या गाडीवर केलेली पहिली सुधारणा हीच होती.

आता घरच्या कामातील धोके. चेनला तेल घालताना इंजिन चालू ठेवून चाक फिरवत ठेवण्याची वाईट सवय अनेकांना असते. फडके चेन आणि दातेरी चकतीच्या मध्ये ओढले जाते आणि फडक्याबरोबर बोटही जाते. चकतीत चिरडलेले बोट पुष्कळदा पुन्हा जोडता येत नाही. आपल्या अंगणात हे दिसले तर नातवाला तिथल्या तिथे थांबवा. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, स्टँडवर पक्की आणि चाक हाताने फिरवायचे, हाच नियम. पेट्रोलची नळी काढायची असेल तर चूल, देवघरातील समई आणि आजोबांची विडी यांपासून गाडी दूर असावी. पेट्रोल पाण्याच्या बाटलीत कधीही काढून ठेवू नये. लहान मुलेच नव्हे, तर नजर मंदावलेली वडीलधारी माणसेही ते पाणी समजून पितात. तसे झाल्यास उलटी करवू नका, कारण पेट्रोल फुफ्फुसांत जाण्याचा धोका असतो. तडक रुग्णालय गाठा.

मुलांना बदलायला सर्वांत जास्त आवडतो तो सायलेन्सर, आणि पैसे नाकारावेत असा पहिला भागही तोच. त्याच्या आवाजाने पहाटे लागलेली आजारी माणसाची झोप मोडते, एवढेच नाही. बाहेरून आणलेल्या सायलेन्सरवर पुष्कळदा उष्णतेपासून बचाव करणारी पट्टी नसते. मधुमेहात पायांच्या नसांची संवेदना कमी होते. पोटरी तापलेल्या नळीला टेकली तरी आजीला कळत नाही, घरी आल्यावर फोड दिसतो आणि ती जखम आठवडेच्या आठवडे भरत नाही. भाजल्यावर लगेच वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली पाय धरावा. टूथपेस्ट, हळद, शाई काहीही लावू नये. मधुमेह असेल तर जखम लहान दिसली तरी डॉक्टरांना दाखवावी.

दुसरा नकार साडीगार्ड काढण्याला द्या. ते काढले की गाडी ‘सुटसुटीत’ दिसते, असे मुलांना वाटते. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १२३ नुसार मागे बसणाऱ्यासाठी हाताने धरण्याची सोय, पाय ठेवण्याची जागा आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचे चाक किमान अर्धे झाकणारे आवरण असणे बंधनकारक आहे. ओढणी किंवा लुगड्याचा पदर चाकात गेला की गळा आवळला जातो नाही तर माणूस रस्त्यावर आपटतो. हा नियम करणाऱ्याने आपल्या आया-बहिणींचाच विचार केला आहे.

कायद्याचाच विषय निघाला म्हणून सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून कंपनीने मान्य केलेलेच भाग घ्यावेत आणि विमा कंपनीला तसे कळवावे.

आता शीर्षकातील मणक्याकडे वळतो. साठीनंतर, विशेषतः स्त्रियांची हाडे ठिसूळ होतात. स्पोर्ट गाडीचे मागचे आसन उंच, अरुंद आणि थेट मागच्या चाकावर असते, त्यामुळे प्रत्येक खड्ड्याचा आणि गतिरोधकाचा धक्का तिथे सर्वाधिक बसतो. माझ्याकडे आलेल्या एका आजींना गाडी गतिरोधकावर आपटल्यावर कमरेत एक कळ आली, एवढेच आठवत होते. ना पडणे, ना मार. क्ष-किरण चित्रात मणका दबलेला दिसला आणि आजी कित्येक आठवडे अंथरुणाला खिळल्या. पंधरा दिवसांपूर्वीच्या अशा ‘साध्या’ उसणीकडे आपणही दुर्लक्ष करू नका.

मागचा शॉकअॅब्सॉर्बर बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे कमी-जास्त ताठ करता येतो. नातू एकटा वेगात जाण्यासाठी तो ताठ करून ठेवतो आणि त्याच गाडीवर बेचाळीस किलोंची आजी बसते. टायरमधील हवाही गाडीवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा जास्त नसावी. एवढे करूनही प्रामाणिकपणे सांगायचे तर हे आसन वृद्धांसाठी नाही. माझ्या ७८ वर्षांच्या आईने गाडीकडे एकदा पाहिले आणि म्हणाली, “ही घोडी तुमचीच तुम्हाला लखलाभ. मला एसटी बरी.” मला तिचा निर्णय वैद्यकीयदृष्ट्या अचूक वाटला. हाडे ठिसूळ असलेल्यांनी, खुब्याचे किंवा मणक्याचे ऑपरेशन झालेल्यांनी, चक्कर येणाऱ्यांनी आणि झोपेची गोळी घेणाऱ्यांनी अशा गाडीवर बसू नये. रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असेल आणि गाडीवरून पडून डोक्याला मार लागला असेल, तर बरे वाटत असले तरी त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन तपासून घ्यावे.

ज्यांना बसणे भागच आहे, त्यांनी ओट्याशेजारी गाडी उभी करून, नातवाचे दोन्ही पाय जमिनीवर टेकल्यावरच बसावे. गतिरोधकाआधी त्याने ‘आजी, धर’ असे म्हणावे, हा करार आधीच करून टाका.

आणि नातवाच्या हौसेवर रागावू नका. स्वतःच्या हाताने यंत्र दुरुस्त करणारे पोरगे संयम शिकते, हे मी माझ्या घरात पाहतो आहे. पुढच्या वेळी तो अंगणात पाने मांडील तेव्हा खुर्ची टाकून त्याच्यापाशी बसा, टॉर्च धरा आणि आधी विचारा, “बाळा, तक्रार काय आहे गाडीची?” उत्तर पटले, तरच बटव्याला हात घाला.