पावणेदोनची गाडी

सेकंडहँड गाडी शोधणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव एकदा तरी येतोच. शुक्रवारी जाहिरातीत एक किंमत दिसते आणि रविवारी तीच गाडी पंचवीस हजारांनी महाग झालेली असते. गाडी तीच, किलोमीटर तेवढेच! मग दोन दिवसांत असं झालं काय? आजवर मी अशा विकणाऱ्यांना लोभी म्हणून मोकळा व्हायचो. मग मी स्वतःच गाडी विकायला काढली...

तर झालं असं. बाबा गेल्यानंतर त्यांची २०१२ची वॅगन-आर कर्जतला दहिवलीच्या घरी नुसती उभी होती. मी पुण्यात, आईला गाडी चालवता येत नाही. जून २०२५ मधल्या एका शुक्रवारी मी जाहिरात टाकली : सीएनजी, फर्स्ट ओनर, पेपर क्लिअर, किंमत पावणेदोन लाख. हा आकडा कुठून आला? चार जाहिराती बघितल्या आणि ठोकला! नवीन गाडीला शोरूमचा भाव असतो. तेरा वर्षं वापरलेल्या गाडीचा भाव मात्र कोणालाच माहीत नसतो, मालकाला तर नसतोच. तो जाहिरातीत किंमत लिहितो, पण खरं तर बाजाराला प्रश्न विचारत असतो.

उत्तर तासाभरात आलं. रात्रीपर्यंत एकतीस फोन! त्यातला एक खालापूरजवळच्या गावातल्या एका तरुणाचा. खोपोलीत कंपनीत शिफ्टमध्ये कामाला, घरी लहान मूल, पावसात मोटरसायकलवर हाल होतात म्हणाला. "साहेब, रविवारी पैसे घेऊन येतो. पावणेदोन नक्की ना?" मी म्हणालो, "या, नक्की."

पण एकतीस फोन आले की डोकं फिरतं हो. वाटतं, आपण फारच स्वस्तात काढली. हातात न आलेले पंचवीस हजार कोणीतरी खिशातून काढून नेतोय असं वाटायला लागतं. शनिवारी सकाळी मी किंमत दोन लाख केली.

रविवारी तो तरुण सासऱ्यांना घेऊन पळसदरीच्या रस्त्याने भिजत आला. पतपेढीतून पैसे उचलले होते. मी म्हणालो, "आता दोन लाख आहे. फोन फार येतायत." तो एवढंच म्हणाला, "साहेब, फोनवर पावणेदोन बोललात ना." भांडला नाही. आईने केलेला चहा घेतला आणि दोघं निघून गेले. आईने कपबशा उचलताना विचारलं, "तू त्याला नक्की म्हणाला होतास ना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढची गंमत ऐका. मी त्या बाकीच्या तीस नंबरांना फोन लावले. बहुतेक सगळे एजंट! स्वस्त दिसलेल्या प्रत्येक जाहिरातीला ते फोन करतातच. "लास्ट सांगा. दीडच्या आत असेल तर बोला." म्हणजे एकतीस फोनांत खरं गिऱ्हाईक एकच होतं, आणि ते चहा पिऊन गेलं होतं. इतकी वर्षं वेबसाइटच्या हिट्स मोजणाऱ्या माणसाला हिट म्हणजे ऑर्डर नव्हे, हे कळू नये!

याच्या मागे आणखी एक खोड आहे. १९९० साली काहनेमन, क्नेच आणि थेलर यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. काही विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे मग दिले. मग मिळालेल्यांनी विकायला जी किंमत मागितली, ती इतर जण द्यायला तयार असलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट होती. हातात येऊन थोडाच वेळ झालेल्या मगाची ही कथा! मग बाबांच्या गाडीचं काय सांगावं?

किंमत वाढवणं हे दर वेळी पाप नसतं. २०२१ मध्ये चिप्सच्या टंचाईमुळे नव्या गाड्यांसाठी महिनोन्‌महिने थांबावं लागत होतं, तेव्हा जुन्या गाड्यांचे भाव खरंच चढले होते. मधल्या काळात कोणी नवे टायर टाकले, इन्शुरन्स भरला, तर तो वाढवणारच. पण बाजार उलटाही फिरतो. २२ सप्टेंबर २०२५ ला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त म्हटल्यावर जुनीला कोण विचारतो? दिवाळीनंतर बाबांची गाडी एक लाख पंचावन्न हजारांना गेली. एजंटलाच. टीटीच्या फॉर्मवर सह्या करताना मला तो चहाचा कप आठवत होता.

पैशांचं नुकसान वीस हजारांचं, ते विसरेन. पण आता एक नियम केलाय. फोन जास्त आले तर किंमत जरूर वाढवावी, पण पुढच्या माणसासाठी. ज्याला "नक्की" म्हटलं, त्याच्यासाठी जुनीच किंमत. जाहिरातीतला आकडा प्रश्न असू शकतो, फोनवरचं "नक्की" नाही.

असो. बघा पटतंय का.