म्हणजे आता तू इंग्रज?

"म्हणजे आता तू इंग्रज झालास?" परवा बाबांनी साताऱ्याहून फोनवर विचारलं. आवाजात चेष्टा होती, पण सगळी चेष्टाच होती असंही नाही.

"इंग्रज नाही हो बाबा, ब्रिटिश."

"तेच ते."

तेच ते नाहीये, हे मला इथे चौदा वर्षं काढल्यावर कळलंय. पण ते बाबांना फोनवर समजावणं म्हणजे.. असो. तुम्हालाच सांगतो.

नागरिकत्वाचा अर्ज करायचा तर आधी 'लाइफ इन द यूके' ही परीक्षा द्यावी लागते. २४ प्रश्न, ४५ मिनिटं, १८ बरोबर आले की पास. दोन वीकेंड बसून घोकंपट्टी केली. आठव्या हेन्रीच्या सहा बायका, त्याही क्रमाने! शेख दीन मोहम्मदही भेटला. पाटण्याचा हा माणूस, त्याने १८१० साली लंडनमध्ये पहिलं करी हाऊस उघडलं आणि नंतर साहेबांना चंपी करवून घ्यायला शिकवलं. 'शाम्पू' हा शब्द त्या चंपीतूनच आलाय. मजा वाटली. पण साम्राज्याचा बाकीचा हिशोब पुस्तकात इतका गुळगुळीत मांडलाय की २०२० मध्ये शंभराहून जास्त इतिहासकारांनी त्याविरुद्ध जाहीर पत्र लिहिलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत त्यातले प्रश्न मी टीममधल्या चौघांना विचारले. चौघेही इथेच जन्मलेले. एकही पास झाला नाही, आणि याचा चौघांनाही मनापासून आनंद झाला :) माझ्या मते ही खरी ब्रिटिश व्हॅल्यू, पण ती पुस्तकात नाहीये.

पुस्तकात आहेत त्या अशा: लोकशाही, कायद्याचं राज्य, व्यक्तिस्वातंत्र्य, वेगळ्या श्रद्धेच्या लोकांबद्दल सहिष्णुता. २०१४ पासून इंग्लंडमधल्या शाळांना या 'ब्रिटिश मूल्यांचा' पुरस्कार करावाच लागतो, त्यामुळे लेकीच्या शाळेत त्याचं मोठं पोस्टर आहे. तिने ते वाचलं आणि घरी येऊन विचारलं, "बाबा, मग हे भारतात नसतं का?" मी म्हटलं, असतं की, आपल्या राज्यघटनेतही आहे. "मग ब्रिटिश का म्हणतात?" उत्तर नव्हतं. 'होमवर्क झाला का' असं विचारून वेळ मारून नेली.

आता ब्रिटिश आणि इंग्लिश यांची गंमत. २०११ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधल्या सुमारे ५८ टक्के लोकांनी आपली ओळख 'फक्त इंग्लिश' अशी लिहिली होती, आणि 'फक्त ब्रिटिश' जेमतेम १९ टक्के. २०२१ मध्ये 'फक्त ब्रिटिश' ५५ टक्के झाले आणि 'फक्त इंग्लिश' घसरून १५ वर आले. दहा वर्षांत एवढं देशप्रेम कुठून आलं? तर इंग्लंडमधल्या फॉर्मवर पूर्वी 'इंग्लिश' हा पहिला पर्याय होता, २०२१ मध्ये 'ब्रिटिश' वर आणला. सांख्यिकी खात्यानेच सांगितलं की बदलाचं मोठं कारण हे असणार. मी पोटासाठी फॉर्म बनवतो, त्यामुळे मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. लोक पहिल्या चौकटीवर टिक करतात आणि पुढे जातात.

पण सगळेच नाही. टीममधला ग्लासगोचा गडी कुठल्याही क्रमाने छापा, स्कॉटिशच लिहिणार. आणि पेकहॅममध्ये जन्मलेली, नायजेरियन आईबापांची सहकारी म्हणते, "ब्रिटिश तर मी आहेच. इंग्लिश म्हटलं की मात्र समोरचा माझ्याकडे बघतो." ब्रिटिश कागदावर होता येतं, इंग्लिश मात्र समोरच्याने मानावं लागतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये बकिंगहॅम पॅलेसमधल्या समारंभात एका कृष्णवर्णीय पाहुणीला 'पण तुम्ही मूळच्या कुठल्या?' असं पुन्हा पुन्हा विचारणाऱ्या राजघराण्यातल्या मानकरीण बाईंना पद सोडावं लागलं. ती बातमी वाचून मीही तावातावाने बोललो. मग आठवलं, पुण्यात आमच्या शेजारी तीन पिढ्या राहिलेल्या मारवाडी कुटुंबाला आम्ही काय विचारायचो? "तुम्ही मूळचे कुठले?" त्यांची मुलं माझ्यापेक्षा शुद्ध मराठी बोलायची..

इथे आमच्या शेजारी ऐंशीच्या आसपासच्या आजी राहतात. जुलै २०२५ मध्ये इंग्लंडच्या मुलींनी स्पेनला हरवून युरो जिंकला, तेव्हा त्यांनी खिडकीत सेंट जॉर्जचा झेंडा लावला होता आणि माझी लेक त्यांच्याकडे बसून पेनल्टी बघत होती. ऑगस्टमध्ये देशभर विजेच्या खांबांवर तेच झेंडे लागले. कुणी प्रेमाने लावले, कुणी आमच्यासारख्यांना दिसावेत म्हणून लावले. खांबाखालून जाताना कुठला कुठल्या हेतूने लागलाय ते कळत नाही, त्रास त्याचाच होतो. एका सकाळी आजींच्या खिडकीतला झेंडा दिसेना. विचारलं तर म्हणाल्या, "तुम्हाला वेगळं काही वाटू नये म्हणून काढला." मला काय बोलावं सुचेना. झेंडा त्यांचा, खिडकी त्यांची, आणि संकोच माझ्यामुळे. राहू द्या म्हटलं. त्यांनी परत लावला नाही.

लेक जन्मापासून ब्रिटिश आहे, मीच अजून भारतीय. भारत दोन पासपोर्ट ठेवू देत नाही, म्हणून इतकी वर्षं टाळलं. आता अर्ज मंजूर झालाय, पुढच्या महिन्यात काउन्सिलच्या हॉलमध्ये समारंभ आहे. तिथे राजे चार्ल्स आणि त्यांच्या वारसांशी निष्ठेची शपथ घ्यायची. देवाला स्मरून किंवा देवाशिवाय, एवढीच निवड. राजाशिवाय नाही. माझे आजोबा पत्री सरकारचे निरोप घेऊन रात्री-अपरात्री कृष्णाकाठची गावं पालथी घालायचे. ते याच राजाच्या आजोबांच्या सरकारविरुद्ध.

बाबांना हे सांगितलं. फोनवर बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं रेंज गेली.

"शपथ मोठ्याने घ्यायची असते का?" त्यांनी विचारलं.

"हो, सगळ्यांबरोबर."

"बरं." मग जरा थांबून, "तुझी आई विचारतेय, आता तुला घरी यायला व्हिसा लागणार का?"

"ओसीआय काढतोय, बाबा. मग नाही लागणार."

"त्याला किती दिवस लागतात?"

"काही आठवडे."

"मग आधी ते कर. दिवाळीची तिकिटं नंतर काढ."