सी-८ वरचा उंट

फाळणीनंतर पंजाब-सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी जयपूरचं राजा पार्क वसवलं. तिथल्या एका सभागृहातल्या रॅपिड स्पर्धेत माझ्यासमोर तशाच एका कुटुंबातले अंकल होते. प्रत्येकाला १५ मिनिटं आणि दर चालीला ५ सेकंदांची भर. त्यांनी वजिरापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. मी किंग्ज इंडियन बचाव घेतला.

रॅपिडमध्ये साधं, शांत ओपनिंग बरं, असं पुष्कळजण सांगतात. मला ते पटत नाही. किंग्ज इंडियनमध्ये मधली प्यादी एकमेकांना भिडून अडकली, की कुणी कुठे चढाई करायची ते ठरूनच जातं. पांढऱ्याने वजिराच्या बाजूला, काळ्याने थेट राजावर. घड्याळ वाचतं ते इथेच. शिवाय या मांडणीत आपल्या मातीचं काही आहे. जुन्या देशी बुद्धिबळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर चालायचं, त्यामुळे कोपऱ्याकडून उंट बाहेर काढणं अंगवळणी पडलेलं. १८५०च्या दशकात कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी जॉन कॉक्रेनविरुद्ध अशाच मांडण्या खेळत होते.

अंकल जाणकार होते. माझी प्यादी एफ-४, जी-५ अशी पुढे येताच त्यांचा घोडा बी-५ वर आला आणि पुढच्याच चालीत त्याने ए-७ चं प्यादं मारलं. रोख प्याद्यावर नव्हता, सी-८ वरच्या उंटावर होता. जी-७ चा उंट दिसायला रुबाबदार, पण स्वतःच्याच ई-५ च्या प्याद्यामागे कोंडलेला असतो. सी-८ चा जागचा हललेलाही नसतो, तरी काळ्याच्या हल्ल्याचा जीव त्याच्यातच. तो गेला की पुढे आलेली प्यादी नुसतीच उघडी पडतात. मी प्यादं जाऊ दिलं आणि उंट डी-७ वर घेतला.

अंकलनी मान वर करून पाहिलं. ‘‘पढ़के आए हो, बेटा.’’

पुढे त्यांनी एच-३ खेळून माझं जी-प्यादं रोखलं. थोड्या चालींनी त्याच उंटाने एच-३ चं प्यादं मारलं. त्यांनी उंट घेतला आणि माझा वजीर डी-७ वरून तिरका त्यांच्या राजाच्या अंगणात उतरला. एक घोडा मदतीला आल्यावर त्यांनी हात पुढे केला.

मग पट पुन्हा मांडून आम्ही बसलो. ‘‘ये लेना ही नहीं था,’’ असं म्हणत त्यांनी उंटाला न मारता राजा कोपऱ्यात सरकवला. आम्ही तसं खेळून पाहिलं. ए-७ च्या प्याद्याची भरपाई झालेली, बाकी डाव बरोबरीचा. त्यांचं खरं होतं.