खर्जाचे ऋण

गाणे संपल्यावर श्रोते ज्याच्या नावाने टाळ्या पिटतात तो मनुष्य आणि ज्याच्या आधारावर ते गाणे उभे असते तो मनुष्य, हे पुष्कळदा दोन निराळे असतात, ही गोष्ट मजला फार उशिरा कळली. कळली तेव्हा त्या दुसऱ्या माणसाचा मी अपराध करून चुकलो होतो. आणि तो दुसरा माणूस माझा सख्खा चुलता होता.

आमचे गाव अंबड तालुक्यातले. एकादशीच्या भजनास काका पखवाजावर बसत. आरंभापूर्वी ते भिजवलेल्या कणकेचा गोळा पखवाजाच्या डाव्या तोंडावर थापीत, आणि आवाज मनासारखा खाली उतरेपर्यंत चिमूट चिमूट कणीक काढीत किंवा लावीत. एकदा मी विचारले, “काका, ही कणीक वाया कशाला घालवायची?” त्यांनी उत्तर न देता ती खरवडून काढली आणि तसाच ठेका धरला. उजवे तोंड खणखणत होते, बोलही तेच होते. परंतु सारा अभंग उताराला लागलेल्या रिकाम्या बैलगाडीसारखा खडखडू लागला. “कळलं का रे?” त्यांनी विचारले. मी मान डोलावली. पण खरे सांगावयाचे तर मला काहीच कळले नव्हते.

पुढे १९८१ साली जालना स्वतंत्र जिल्हा झाला. त्या सुमारास काका एका गिरणीत नोकरीस लागून शहरात राहावयास गेले. ‘जालना सोने का पालना’ अशी आमच्याकडे म्हण आहे. काकांना त्या पाळण्यात सोने काही मिळाले नाही. मिळाली ती एक जुनी बास गिटार. एका ऑर्केस्ट्रातील वादक गाव सोडून गेला होता. पखवाजाचे डावे अंग जाणणाऱ्या काकांनी त्याची जागा घेतली.

या वाद्याचे कुळ फार जुने नाही. माणसाहून उंच असे डबल बासचे धूड गावोगाव वाहून नेण्याचा त्रास वादकांना पूर्वी सोसावा लागे. अमेरिकेत लिओ फेंडर याने १९५१ साली विजेवर चालणारी, पडदे बसवलेली, गळ्यात अडकविण्याजोगी बास गिटार बाजारात आणली आणि तो भार हलका केला. तिला चारच तारा. सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. साध्या गिटारच्या खालच्या तारेहून ती एक सप्तक खाली बोलते. आमच्या गणेशोत्सवातील कर्णे इतका खोल स्वर बाहेर टाकूच शकत नाहीत. त्यामुळे मागे बसलेल्या मंडळींना काकांचे वादन ऐकूच येत नसे. व्यासपीठाला टेकून बसलेल्या पोरांना मात्र तो स्वर कानांआधी पोटात जाणवे.

काकांनी ज्याच्याकडून ही विद्या घेतली त्याचे नाव त्यांना कित्येक वर्षे ठाऊक नव्हते. राहुल देव बर्मन यांच्या गाण्यांच्या फिती पुन्हा पुन्हा लावून ते बासच्या जागा उचलीत. त्या वाद्यवृंदात बास गिटार वाजविणाऱ्या टोनी वाझ यांचे नाव गाणी गुणगुणणाऱ्या लाखो लोकांपैकी कितीकांच्या कानी पडले असेल? चित्रपटाच्या श्रेयनामावलीत बहुधा अशा वादकांना स्थान नसे. मुंबईच्या या पडद्याआडच्या वादकांच्या मुलाखती घेऊन ग्रेगरी बूथ यांनी आपला ग्रंथ प्रसिद्ध केला तो २००८ साली. तोवर कित्येकांची वाद्ये मुकी झाली होती.

आता माझा अपराध. शहरात विजेवरचे की-बोर्ड आले, आणि डाव्या हाताने बासचे काम भागते असा बोभाटा झाला. त्या वर्षी मी मंडळाचा चिटणीस होतो. वर्गणी कमी पडली होती. ऑर्केस्ट्राच्या चालकाशी घासाघीस करताना मी सहज म्हणालो, “एक माणूस कमी आणा. बासवाला नसला तर कळणार कोणाला?” तो बासवाला कोण, हे मला ठाऊक होते. आपल्याच घरातील मनुष्य, तो समजून घेईल, अशी मी मनाची समजूत घातली.

माझा हिशेब चुकला नाही, हेच दुःख आहे. कोणाला काही कळले नाही. टाळ्या नेहमीइतक्याच पडल्या. मी मात्र पुढच्या रांगेत होतो. सूर होते, ताल होता, आणि तरी ते सारे खडखडत होते. कणीक खरवडलेला तो पखवाज मला तेव्हा आठवला. गायक मधूनच डावीकडच्या रिकाम्या जागेकडे पाही. कार्यक्रमाच्या मध्यावर मी उठून मागे गेलो, तो जनरेटरच्या आडोशाला काका उभे! त्यांच्या उजव्या हाताची बोटे मांडीवर नकळत चालत होती.

पुढे जेम्स जेमरसन या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचे चरित्र माझ्या वाचनात आले. डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीची असंख्य गाजलेली गाणी याने उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीने वाजविली. तारा जुन्या झाल्या तरी तो सहसा बदलीत नसे. १९७१ सालच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या मार्विन गे यांच्या ध्वनिमुद्रिकेत त्याची बास गायकाच्या मागे नुसती चालत नाही, त्याच्याशी बोलते. आणि तिच्याच वेष्टनावर अखेर त्याचे नाव छापले गेले. १९८३ साली कंपनीच्या २५ वर्षांचा सोहळा पॅसाडेना येथे झाला, तेव्हा जेमरसन तिकीट विकत घेऊन प्रेक्षकांत मागे बसला होता, असे नमूद आहे. त्याच वर्षी तो वारला. ते पान वाचले आणि मला जनरेटरचा आवाज ऐकू येऊ लागला.

काका आता थकले आहेत. गिटार केव्हाच विकली. एकादशीचा पखवाज तेवढा सुटलेला नाही. मागल्या कार्तिकीस मी धीर करून म्हणालो, “काका, त्या वर्षी तुम्हाला वगळायला मीच सांगितलं होतं.”

ते कणीक मळीत होते. मान वर न करता म्हणाले, “ठाऊक आहे मला. पण त्या रात्री चाल फार पळत होती बघ. ड्रमवाल्या पोराला आवरायला कोणी नव्हतं.” मग परात माझ्याकडे सरकवून म्हणाले, “घट्ट झाली वाटतं. थोडं पाणी लाव.”